सात खळग्यांचा बिडाचा पॅन आणि घरचे एब्लस्कीवर : चार वर्षांचे डिसेंबर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

डेन्मार्कात राहत असाल, किचनमध्ये इंडक्शन असेल आणि एब्लस्कीवर घरी करायचे असतील तर बिडाचा पॅन घ्या, जुना मिळाला तर जुनाच घ्या आणि हलक्या नॉनस्टिकच्या नादी लागू नका. मी आधी नॉनस्टिक घेऊन पैसे घालवलेत म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एब्लस्कीवर म्हणजे डॅनिश लोकांचे पॅनकेकचे गोल गोळे, बाहेरून सोनेरी, आतून जाळीदार, डिसेंबरभर खातात, सोबत स्ट्रॉबेरीचा जॅम आणि पिठीसाखर. एकाला एब्लस्कीवे म्हणायचं, अनेकांना एब्लस्कीवर. शब्दाचा अर्थ सफरचंदाच्या चकत्या, कारण पूर्वी आत सफरचंदाचा तुकडा असायचा, आता बहुतेक ठिकाणी नसतो, नाव तेवढं राहिलं. दिसायला आपल्या आप्प्यांची थोरली भावंडं, आणि मी ह्यात पडले तीसुद्धा आप्प्यांमुळेच.

आम्ही ऑर्हुसला राहतो. इथे यायच्या आधी सासूबाईंनी आप्पेपात्र बांधून दिलं होतं, ॲल्युमिनियमचं, नॉनस्टिक, बारा खळग्यांचं, ते मी एवढ्या लांब सामानात घालून आणलं आणि इंडक्शनवर ठेवलं तर शेगडी ओळखेचना. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असंच भांडं लागतं, ॲल्युमिनियम चालत नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. पात्र कपाटात गेलं. मग पहिल्या डिसेंबरात मुलीच्या बालवाडीत कागदी सजावट करायचा दिवस होता, इथे सगळ्या शाळा-बालवाड्यांत असतो, आईबाबा मुलांसोबत बसून लाल-पांढऱ्या कागदांची विणलेली हृदयं करतात आणि मधे एब्लस्कीवर खातात. तिथे प्लेटमध्ये ते तीन गोळे आले आणि मी बघतच राहिले, अगं हे तर आप्पे! आणि तोंडात घातल्यावर वेलची. डॅनिश बेकिंगमध्ये वेलची भरपूर असते, कार्डेमोमे म्हणतात, पण हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर दुपारी चारच्या आत अंधार, आत मेणबत्त्या, आणि जिभेवर वेलची. मला घरची इतकी आठवण आली की काय सांगू.

ते गोळे मात्र फ्रोझन पाकिटातले होते, ओव्हनमध्ये गरम केलेले. इथे नोव्हेंबर लागला की प्रत्येक सुपरमार्केटात त्यांची मोठी पाकिटं येतात आणि बहुतेक घरांत तेच खाल्ले जातात. वाईट नसतात, पण थोडे रबरासारखे लागतात आणि आत सगळीकडे सारखेच भरीव. घरच्याची गोष्ट वेगळी आहे हे मला शेजारच्या आजींनी दाखवलं, त्यांच्याकडे त्यांच्या आईचा पॅन आहे, काळा कुळकुळीत, आणि त्या विणायच्या सुईने गोळे फिरवतात. हो, लोकरीच्या विणकामाची स्टीलची सुई, एब्लस्कीवर फिरवायला इथे अनेक घरांत तीच वापरतात.

मी उत्साहात दुकानातून नवीन पॅन आणला, ॲल्युमिनियमचा, आत नॉनस्टिक, इंडक्शनसाठी खाली स्टीलची चकती बसवलेली. हलका, दिसायला छान, तीनशे क्रोनरच्या आसपास. आणि तीन आठवड्यांत माझं मन उडालं. चकती मध्यभागी, त्यामुळे मधला खळगा तापून लाल आणि कडेचे सहा पांढरे फटक, मधला गोळा करपतोय तोवर कडेचे उलटायलाही आलेले नाहीत. आच कमी केली तर सगळेच फिके. आणि सुईने फिरवायचं तर कोटिंगवर ओरखडे, म्हणून लाकडी काडी घ्यावी लागते, काडी जाड, ती कडेत शिरत नाही. दुकानाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तसल्या रचनेत हे होणारच असं मला वाटतं.

मग आजी म्हणाल्या गेनब्रूमध्ये बघ. गेनब्रू म्हणजे इथली जुन्या वस्तूंची दुकानं, लोक वस्तू दान करतात आणि विक्रीचे पैसे धर्मादाय कामाला जातात. चौथ्या फेरीत सापडला, ७५ क्रोनर, गंजलेला, खाली कप्प्यात पडला होता. बिडाचा, सात खळग्यांचा, सहा कडेने आणि एक मध्ये. घरच्या काट्यावर दोन किलोंच्या थोडा वरच भरला. प्रत्येक खळगा तोंडाशी जवळपास पाच सेंटिमीटर आणि खोलीला खरोखर अर्धा गोल. इथेच आप्पेपात्राशी फरक आहे, आपले खळगे उथळ असतात, बशीसारखे, त्यामुळे आप्पा चपटा होतो आणि तो तसाच व्हायला हवा. ह्याच्यात अर्धा चेंडू बसतो.

जुना घेताना तीन गोष्टी बघा. एक म्हणजे बोटाच्या पेराने वाजवून बघा, चांगलं बीड घंटेसारखं वाजतं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. दुसरं, तळ बघा. काही जुन्या पॅनचे खळगे खाली फुग्यांसारखे बाहेर आलेले असतात, ते काचेच्या शेगडीवर डुगडुगतात, माझ्याला खाली सगळीकडून गोल कड आहे आणि तो कडेवर सपाट बसतो, हे फार महत्त्वाचं आहे. आणि खळग्याच्या आत बोट फिरवून बघा, खड्डे पडलेले असतील तर सोडून द्या. नुसता वरवरचा गंज असेल तर अजिबात घाबरू नका, तो निघतो.

माझा कसा निघाला तर तारेच्या घासणीने आणि मिठाने घासून, धुऊन, लगेच गॅस... गॅस नाही इथे, शेगडीवर ठेवून पूर्ण कोरडा करून, रेपसीडचं तेल अगदी पातळ चोळून, उरलेलं कागदाने पुसून काढून ओव्हनमध्ये उलटा ठेवून २०० डिग्रीच्या वर तासभर. असं तीन वेळा. तेल जाड लावलं तर चिकट थर बसतो म्हणून पुसून काढायचं. ज्यांच्या घरी घावनाचा बिडाचा तवा आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको, आमच्या आजीचा तवा असाच होता, त्याला कुणी हात लावलेला तिला चालायचा नाही, आता कळतं का ते.

आता पीठ. मी जे प्रमाण घेते त्यात चार घाणे होतात म्हणजे अठ्ठावीस. २५० ग्रॅम मैदा, चार डेसिलीटर केर्नेमेल्क, तीन अंडी, एक मोठा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा वेलची पूड, एक सपाट छोटा चमचा खायचा सोडा, एका लिंबाची किसलेली साल. इथल्या रेसिपीत सगळं डेसिलीटरमध्ये असतं, एक डेसिलीटर म्हणजे शंभर मिली. केर्नेमेल्क म्हणजे ताकच, पण आपल्या ताकापेक्षा बरंच दाट आणि आंबट कमी. तिकडे भारतात करणार असाल तर दही थोडं पाणी घालून घुसळा, कढी करताना करतो त्यापेक्षा दाट ठेवा. ताकातला आंबटपणा आणि सोडा भेटले की गॅस तयार होतो आणि त्यानेच गोळा फुलतो, म्हणून साधं दूध घालून सोडा घालू नका, फुलणार नाही आणि वर सोड्याची कडवट चव राहील.

अंड्यांचा पिवळा भाग ताकात फेटायचा, त्यात मैदा, साखर, मीठ, वेलची, लिंबाची साल, आणि गुठळ्या मोडून पंधरावीस मिनिटं ठेवून द्यायचं. पांढरा भाग वेगळा घट्ट फेटायचा, भांडं तिरकं केलं तरी हलता कामा नये. पॅन तापायला ठेवला की मग सोडा आणि त्यामागोमाग तो फेस, हलक्या हाताने खालून वर असा मिसळायचा. ढवळलात तर जाळी गेली. फेस घातल्यावर पीठ ठेवायचं नाही, लगेच तळायला घ्यायचं. ह्यात आळस करून मी एकदा अख्खी अंडी घातली होती, गोळे झाले, पण जड झाले, पॅनकेक गोल केल्यासारखे. फरक स्पष्ट कळतो.

वेलची पूड विकतची इथे मिळते पण तिचा वास उडालेला असतो, भारतातून आणलेली हिरवी वेलची सोलून साखरेबरोबर खलबत्त्यात कुटा. आजींनी माझ्या हातचे खाऊन पहिला प्रश्न हाच विचारला की वेलची कुठली.

आता खरी गोष्ट, फिरवणं. पॅन रिकामाच मध्यम आचेवर ठेवायचा, माझी शेगडी नऊपर्यंत आहे, मी पाचवर सात-आठ मिनिटं ठेवते. बूस्ट कधीही लावायचा नाही, बीड एकदम तापवलं तर तडकू शकतं. मग प्रत्येक खळग्यात अर्धा छोटा चमचा तूप. हो, तूप. इथे लोणी किंवा पाल्मिन वापरतात, पाल्मिन म्हणजे घट्ट खोबरेल, कोकणातल्या लोकांना हसू येईल, ख्रिसमसचे पदार्थ तळायला डॅनिश लोक खोबरेल वापरतात! त्यातच ते क्लायनर तळतात, जे म्हणजे पीळ घातलेली शंकरपाळी. पण लोण्यातला दुधाचा अंश करपतो आणि काळे ठिपके येतात, तुपाला तो प्रश्न नाही आणि वेलचीबरोबर तुपाचा वास काय लागतो ते करून बघा.

पीठ काठाच्या किंचित खालपर्यंत भरायचं. पाऊण मिनिटात कडेला बारीक रिंगण दिसायला लागतं, कड घट्ट होते, मध्ये अजून पातळच असतं. इथे आपली सवय आड येते. आपल्याला आप्पे माहीत, म्हणजे खालची बाजू पूर्ण होऊ द्यायची आणि मग एकदम उलटा. इथे तसं केलंत तर तुम्हाला मधे शिवण असलेला, एका बाजूने पोट सुटलेला गोळा मिळेल, मला पहिले दोन महिने तेच मिळत होते. इथे गोळा फक्त पाव भाग वळवायचा. सुईचं टोक कडेत घालून, खळग्याच्या भिंतीला लावून, गोळा कपासारखा उभा होईल इतकाच ओढायचा. मग काय होतं, आतलं पातळ पीठ त्या कपातून खाली सांडतं आणि खळग्याच्या रिकाम्या तळाशी जाऊन नवी भिंत धरतं. अर्ध्या मिनिटाने परत पाव, पण आता दुसऱ्या दिशेने. पुन्हा थोडं सांडतं. मग तिसऱ्यांदा, आणि आता जो काही उघडा भाग उरलाय तो खाली गेला की चेंडू बंद. त्यानंतर नुसते फिरवत राहायचं, सगळीकडून रंग येईपर्यंत. एक घाणा पाच ते सहा मिनिटं. सुई आरपार घालून कोरडी आली की झाला.

आणि हे जमतं कशामुळे तर बिडामुळे, कारण बीड उष्णता धरून ठेवतं, थंड पीठ ओतलं तरी ते गार पडत नाही, त्यामुळे सातही खळग्यांत भिंत एकाच वेळी धरते आणि तुम्हाला एका फेरीत सात वळवता येतात. नॉनस्टिकमध्ये मी प्रत्येकाकडे वेगळं लक्ष देत बसायचे. आता मी मधल्यापासून सुरू करते कारण तो जरा लवकर होतो, मग घड्याळाच्या दिशेने कडेचे सहा. आजी तर माझ्याशी गप्पा मारत बघतही नाहीत, त्यांच्या हाताला आवाजावरून कळतं असं त्या म्हणतात, तुपाची चरचर कमी झाली की वळवायचं. मला अजून बघावं लागतं.

पहिला घाणा बहुतेक वेळा फिका किंवा थोडा चिकटतो, तो मुलांना आधीच वाटून टाका, दुसऱ्यापासून पॅन स्थिरावतो. झालेले गोळे ओव्हनमध्ये १०० डिग्रीवर, झाकण न ठेवता. झाकलेत तर वाफेने मऊ पडतात आणि ती पातळ कुरकुरीत साल जाते.

सफरचंद घालून करायचे तर आंबट सफरचंद हवं, बारीक चौकोनी तुकडे, लोण्यावर जराशी साखर घालून परतून पूर्ण गार केलेले. पीठ अर्धं भरायचं, तुकडे ठेवायचे, वर चमचाभर पीठ. कच्चं सफरचंद घालू नका, पाणी सुटतं आणि आतून चिकट राहतं. ग्रॉस्टेन नावाचं इथलं सफरचंद ह्याला उत्तम आहे, पण ते शरद ऋतूतलं, म्हणून आम्ही ऑक्टोबरमध्येच एकदा सफरचंदाचे करतो आणि डिसेंबरात साधे. माझं मत विचाराल तर सफरचंदाचे जास्त चांगले लागतात, आणि डॅनिश लोकांनी ते सोडून द्यायला नको होतं. नवऱ्याचं मत उलट आहे, त्याला आतली पोकळ जाळी आवडते आणि त्यात जॅम भरून खायला.

त्याच पॅनमध्ये आपले आप्पे होतात का, हे मला प्रत्येक मराठी मैत्रीण विचारते. होतात, पण खळगा अर्धाच भरा. काठापर्यंत भरले तर रव्याचं किंवा तांदूळ-उडदाचं पीठ मध्ये कच्चं राहतं, ते पीठ एब्लस्कीवेच्या पिठासारखं वाहत नाही ना, त्यामुळे पाव वळवायची युक्तीही चालत नाही. अर्धा भरा, झाकण ठेवा, एकदाच उलटा. कांदा-मिरची-कढीपत्त्याचे रव्याचे आप्पे बिडावर असे खमंग होतात की ते सामानात आणलेलं पात्र मी गेल्या सुट्टीत परत नेऊन सासूबाईंना दिलं. गुळाचे आप्पे करताना मात्र आच तीनवर ठेवा, गूळ लगेच धरतो.

तक्रारी. वजन आहे, एका हाताने उचलून धुणं जमत नाही, मनगट दुखणाऱ्यांनी विचार करावा. दांडाही बिडाचाच, तो भाजतो, चार वर्षांत मला दोनदा चटका बसलाय, जाड कापडाची पिशवी शिवून दांड्याला घातली तेव्हापासून नाही. काचेच्या शेगडीवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा, माझ्या शेगडीवर एक लांब ओरखडा आहे तो त्याचाच. आणि डिशवॉशर! दुसऱ्या वर्षी आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी मदत म्हणून जेवणानंतर सगळी भांडी मशीनमध्ये लावली, त्यात हाही गेला. सकाळी काढला तर राखाडी आणि नारिंगी, सगळा काळा थर गेलेला. मला खरंच रडू आलं. पण बीड मरत नाही, परत घासून, तेल लावून, ओव्हनमध्ये तीनदा भाजून दोन दिवसांत तो पुन्हा उभा राहिला. नॉनस्टिक एकदा सोललं की फेकायचं, हा परत येतो. एरवी गरम पाणी, ब्रश, शेगडीवर कोरडा, तेलाचं बोट, बस.

गेल्या डिसेंबरात आई आली होती, ती अंडं खात नाही. तिच्यासाठी अंड्याशिवाय केले, ताक थोडं जास्त, सोडा तेवढाच, पिठात दोन चमचे वितळलेलं तूप. वळवायला अवघड जातात कारण कप लवकर धरत नाही, पहिल्या वळणाआधी अर्धा मिनिट जास्त थांबावं लागतं, आणि आतून जाळीऐवजी मऊ स्पंज होतो. पण आईने पाच खाल्ले, जॅम नको म्हणाली, लिंबाचं गोड लोणचं घेतलं. आजी शेजारून आल्या होत्या, त्यांनीही लोणच्याचं बोट चाटून बघितलं आणि दोघी एकमेकींची भाषा येत नसताना शेगडीपाशी उभ्या राहून सुईने गोळे फिरवत होत्या. आई विणकाम करणारी, तिला पाव वळण पहिल्याच घाण्यात जमलं, जे मला दोन महिन्यांनी जमलं.

२३ डिसेंबरला, ज्याला इथे छोटी ख्रिसमस संध्याकाळ म्हणतात, अनेक घरी एब्लस्कीवर आणि ग्लोग असतं, ग्लोग म्हणजे मसाले, बदाम, मनुका घातलेली गरम रेड वाइन, मुलांसाठी द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या रसाची. त्या दिवशी आमच्याकडे दहा-बारा माणसं असतात आणि सात खळगे कमी पडतात, पहिला घाणा संपतो तेव्हा दुसरा अजून पॅनमध्ये असतो, कुणीतरी रिकामी प्लेट घेऊन शेगडीपाशी उभं असतंच. म्हणून मी दुसरा शोधतेय, तसाच, खाली कड असलेला, म्हणजे दोन शेगड्यांवर चौदा एकदम होतील. ऑर्हुसच्या आसपास कुणाला गेनब्रूत दिसला तर आधी वाजवून बघा आणि मग मला कळवा, मी त्याच दिवशी सायकलवर येऊन घेऊन जाईन.